श्रावणभाऊंचा मेल

आमच्या मेलिंग लिस्टवर फालतू बडबड चालत नाही, हा नियम माझाच. गावोगावचे सौर पंप चालवणारा प्रोग्राम आम्ही काही जण फावल्या वेळात लिहितो, आणि पंप सांभाळणारी माणसं अडचण आली की लिस्टवर मेल टाकतात. लग्नपत्रिका, वाघाचे व्हिडिओ, सणांच्या शुभेच्छा, सगळं मी ऊर्जानगरच्या क्वार्टरात बसून उडवायचो. त्याचा मला माजही होता.

जिवतीच्या डोंगरातल्या एका गुड्यावरचे, म्हणजे गोंडी पाड्यावरचे, श्रावणभाऊ मात्र काही केल्या सुधरत नव्हते. आधी 'जय सेवा' असा नमस्कार, मग मोहफुलं किती पडली, बायको बायनाबाईंचा गुडघा कसा आहे, आणि दहाव्या ओळीत पंप. तिकडे कुणाकडे काही कामाने गेलं तरी आधी घरचं विचारतात. ते मेलही तसाच लिहीत. मी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं आणि त्यांचे मेल आधी माझ्याकडे यावेत, मी सोडले तरच लिस्टवर जावेत, अशी सोय करून टाकली.

एप्रिलमध्ये मी नवा प्रोग्राम पाठवला. आठवड्याभरात त्यांचा मेल आला. "जय सेवा. बायनाचा गुडघा लय दुखून राह्यला, तरी नाल्यावर जाते." एवढं वाचूनच मी तो कचऱ्यात टाकला.

वीस दिवसांनी गडचांदूरच्या राजदीपने लिहिलं, नवा प्रोग्राम टाकल्यापासून ऊन तापलं की पंप बंद पडतो. चूक माझी होती. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. मग मला तो नाला आठवला. कचऱ्यातला मेल काढून पूर्ण वाचला. दुपारी पंप बंद होतो, टाकी भरत नाही, म्हणून बाया नाल्यावर जातात, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं.

रविवारी गाडी काढून गेलो. बायनाबाई खाटेवर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. नाल्याचा चढ चढताना पाण्याच्या भरल्या हंड्यासकट पडल्या होत्या. मी माफी मागायला आलो होतो, काय बोलायचं तेही रस्ताभर घोकलं होतं.

श्रावणभाऊंनी पाणी दिलं, माझ्या आईची तब्येत विचारली, पोरांची शाळा विचारली. मग हळूच म्हणाले, "प्रणितभाऊ, माझा मेल भेटला नोता का?"

"नाई भेटला," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून, कळलंच नाही.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बायकोकडे वळून म्हणाले, "पाह्य, मी म्हनत नोतो? भाऊनं वाचला असता तं त्याच दिवशी धावत आले असते." मग मलाच समजावत बसले. इथे नेटवर्क नाही, मेल टाकायला टेकडी चढावी लागते, त्या दिवशी घाईत उतरलो, गेला की नाही ते पाहिलंच नाही.

"माझीच चुकी झाली," ते म्हणाले.

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी मान खाली घालून चहा प्यालो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. निघताना ते गाडीपर्यंत पोचवायला आले. पुढच्या वेळी मेल गेल्याची खात्री करूनच खाली उतरीन, असं त्यांनी मला वचन दिलं.