माणसं नसलेलं पान

"या घरात राहतं कोण, किनुयो?"

नागुमोबाईंनी पान दिव्याखाली धरलं होतं. किनुयोने मान वर केली.

"दोघी राहतात, बाई. फुलवाली आणि दातांची डॉक्टर."

"मग दुसरी बसते कुठे?"

किनुयो उठून बाईंच्या टेबलापाशी गेली. कालचा सगळा दिवस खर्चून तिने काढलेलं स्वयंपाकघर होतं ते. बेसिनपाशी एक कप पालथा. टेबलाची एकच खुर्ची मागे सरकलेली, दुसरीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. खिडकीच्या दांडीवर एक टॉवेल. रेषा सगळ्या ओळंब्यात होत्या, खोट काढायला जागा नव्हती. पण ती बघत राहिली आणि तिचे कान गरम झाले.

"हे माझंच घर झालं की," ती पुटपुटली.

"तेच म्हणते मी. तुझं घर बघायचं असतं तर खाऊ घेऊन नसते का आले?"

नागुमोबाई युरी काढायच्या, म्हणजे बायकाबायकांच्या प्रेमाच्या चित्रकथा. शाळेच्या गणवेशातल्या मुलींच्या युरीला तोक्योत तोटा नव्हता. बाईंच्या नायिका मात्र पन्नाशीला टेकलेल्या असत. त्यांचे गुडघे दुखत, त्यांना चष्मा सापडत नसे. अशा गोष्टीची वाट बघणाऱ्या बायका गावोगाव होत्या. मासिकातलं बाईंचं पान त्या आधी उघडत आणि मग उरलेलं मासिक कुणाला तरी देऊन टाकत.

बाई माणसं काढत आणि किनुयो बाकीचं सगळं. जिने, पूल, विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्या, झाडांची पानं. तिचे केस काळे होते तेव्हापासून ती तोक्योच्या नेरिमा भागातल्या या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसत आली होती. वाचणारा बाईंच्या माणसांचे चेहरे बघतो, मागची भिंत कुणी बघत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं.

आता मात्र वेगळंच काम समोर आलं होतं. फुलवाली आणि डॉक्टरीण कित्येक भाग ताटातूट सोसून अखेर एका घरात राहायला आल्या होत्या. शेवटच्या भागाची सुरुवात बाईंनी दोन पानभर पसरलेल्या एकाच चित्राने करायची ठरवली होती. सकाळची वेळ, दोघी कामाला गेलेल्या, घर रिकामं. एक शब्द लिहायचा नाही, एक माणूस दाखवायचा नाही. नुसती खोली बघून वाचणारीला कळलं पाहिजे की इथे दोघी नांदतात.

म्हणजे ते पान सगळंच्या सगळं किनुयोचं होतं. जन्मात पहिल्यांदा.

तिने पुन्हा काढलं. दोन कप, दोन खुर्च्या, दोन टॉवेल, दोन सपातांचे जोड.

बाई हसायला लागल्या. "अगं, ही तर धर्मशाळा! तीही जुळ्या बहिणींची." मग हसू आवरून म्हणाल्या, "हे बघ, सोमवारी पानं छापायला जायची आहेत. तुला जमत नसेल तर बाहेरून संगणकावर करून घेते. वाईट वाटून घेऊ नकोस."

"जमेल, बाई."

"कसं जमेल? कधी पाहिलंयस का असं घर? कुणी ओळखीचं आहे, असं राहणारं?"

"आहे," किनुयो म्हणाली. ते तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

दुपारी जिन्यात उभी राहून तिने हात्सुएला फोन लावला.

"किनु?" पलीकडून आवाज आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. मला तुमचं घर बघायचंय. कामासाठी."



"ये की. पण मी आवरून ठेवणार नाही हं."

"आवरू नकोसच."

हात्सुए आणि ती एकेकाळी याच खोलीत शेजारी शेजारी बसायच्या. हात्सुए उंच, हसरी, काम करताना गुणगुणणारी. एकदा शाईची बाटली बंद करता करता ती म्हणाली होती, "किनु, आपण दोघी घर घेऊ या का?" कशासाठी, ते विचारायची गरज नव्हती, दोघींनाही ठाऊक होतं. किनुयो म्हणाली, "बघू." आई होती, शेजारी होते, दोन बायकांना घर कोण देणार हा प्रश्न होता. पुढच्या महिन्यात हात्सुएने पुन्हा विचारलं. बघू. दिवाणखान्यात आई झोपलेली असताना किनुयो रोज मनाशी हो म्हणायची आणि सकाळी कामावर येऊन बघू म्हणायची. मग एका वसंतात हात्सुए काम सोडून गेली. आई गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र तेवढं हात्सुएकडून यायचं. अलीकडे त्यावर दोन नावं असत.

हान्नो गाव डोंगराच्या पायथ्याशी. किनुयो शनिवारी सकाळी गाडीने गेली. दार उघडलं ते एका बुटक्या, गोलमटोल बाईने. शुभेच्छापत्रावरचं दुसरं नाव हिचंच, रित्सू. ती बालवाडीची बस चालवायची.

"या या! तुम्हीच ना त्या 'बघू'बाई?"

"रित्सू!" आतून हात्सुए ओरडली.

"अगं, नाव घेतलं तर काय झालं? इतकी वर्षं ऐकतेय." मग पाहुणीकडे वळून ती म्हणाली, "रागावू नका. आमच्याकडे कुणी चालढकल केली की हीच म्हणते, बघूबाई झालीस का."

किनुयोने पायरीशी बूट काढले आणि खाऊचं पुडकं पुढे केलं. तांदळाच्या खारट चकत्या, हात्सुएला जीव की प्राण.

"अरे देवा," रित्सू म्हणाली, "हिला मीठ बंद केलंय डॉक्टरांनी. असू द्या, मी खाईन. मला काही कुणी बंद केलेलं नाही."

हात्सुए बाहेर आली. केस पांढरे, पण उंची तशीच. दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या. आधी कुणी ताठ व्हायचं ते कळेना.

"बघ काय बघायचं ते," हात्सुए म्हणाली. "पसारा आहे."

किनुयो कॅमेरा घेऊन हिंडली. दोन-दोन वस्तू तिने शोधल्या, पण तशा फारशा नव्हत्याच. हात असलेली खुर्ची एकच, तिच्यावरून भांडण. छत्री एकच. चष्मे मात्र जागोजागी. रित्सूचा खांदा धरायचा, म्हणून डबे वरच्या फळीवरून खाली आले होते, आणि त्यामुळे हात्सुएचे रंग जमिनीवर गेले होते. उंच खिडकीच्या कडीला एक दोरी लोंबत होती, बुटक्या माणसाच्या हाताला येईल एवढी. वस्तू दोन नव्हत्या. एकीसाठी दुसरी जराशी सरकली होती, एवढंच.

हात धुवायच्या जागी ती थबकली.

"हा आरसा असा का लावलाय?"

"विचारूच नका," रित्सू म्हणाली. "ही ताडमाड, मी ठेंगू. हिच्या उंचीला लावला तर मला नुसतं कपाळ दिसायचं. माझ्या उंचीला लावला तर हिला गळा. हिवाळाभर भांडलो. शेवटी मधोमध खिळा ठोकला. आता ही वाकते आणि मी टाचा उंचावते. दोघींची सारखी गैरसोय."

"पण भांडण मिटलं," हात्सुए म्हणाली.

"मिटलं कुठे? तू रोज कुरकुरतेस."

बोलत बोलत त्या जेवणाचं बघायला आत गेल्या. किनुयो आरशासमोर एकटी उभी राहिली. तिला वाकावं लागलं नाही, टाचाही उंचवाव्या लागल्या नाहीत. भांगापासून हनुवटीपर्यंत तिचा चेहरा आरशात अगदी मधोमध बसला होता. तिने कॅमेरा वर केला आणि मग तसाच खाली घेतला. आतून हाक आली, "रस्सा निवतोय, बघूबाई!" तेव्हा कुठे ती हलली.

खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाभोवती, त्याच्यावरच्या गोधडीत पाय घालून, तिघींनी मुळ्याचा आणि अंड्यांचा रस्सा खाल्ला. रित्सूने बसमधल्या पोरांच्या नकला केल्या. किनुयो पोट धरून हसली. असं हसून किती दिवस झाले, ते तिला आठवेना.

निघताना पायरीवर बसून ती बुटांचे बंद बांधत होती. हात्सुए मागे उभी होती. आत भांड्यांचा आवाज येत होता.

"किनु, तेव्हा तू सरळ नाही म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मला फार वाट बघावी लागली."

"मला नाही म्हणायचंच नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?" हात्सुए म्हणाली. "आणि आता बघू म्हणालीस तर चकत्या परत देईन."

किनुयो हसली. बंद नीट बसेना. "हो म्हणायचं होतं," ती बुटाकडे बघत म्हणाली.

हात्सुएने काही उत्तर द्यायच्या आत आतून आवाज आला, "हात्सू, बाहेर जातेस तर टोपी घाल गं. वारा सुटलाय."

"घालते," हात्सुए म्हणाली. आणि तिने टोपी घातली.

पाहुणा वळणाआड जाईपर्यंत दारात उभं राहायची तिकडची रीत. किनुयोने वळणावर मागे बघून कमरेत वाकून नमस्कार केला. फाटकाशी एक उंच आणि एक ठेंगणी, दोघीही वाकल्या. मग ती वळली.

रविवारी दिवसभर तिने काढलं. बाई मधून मधून येऊन उभ्या राहत, मग परत जात. सोमवारी सकाळी शाई वाळल्यावर त्यांनी पान उचललं. खुर्ची, दोरी, खाली आलेले डबे, जागोजागचे चष्मे, तो मधोमध लावलेला आरसा. 

"आता या घरात बूट काढून आत यावंसं वाटतं," बाई म्हणाल्या. मग चष्मा सरसावून पानावर वाकल्या. "आणि या तिघी कोण?"

खोलीचं माप चुकू नये म्हणून आधी पेन्सिलीने फिकट माणसं उभी करायची असतात. त्यांच्या उंचीवरून फळ्या आणि खिडक्या ठरतात. शेगडीपाशी एक उंच होती, खुर्चीत एक ठेंगणी. आणि आरशासमोर एक मध्यम उंचीची, पाठमोरी.

"मापासाठी, बाई."

"मापाला तिसरी कशाला लागते?"

किनुयोने शाईच्या बाटलीचं झाकण लावलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पान हळूच तिच्यासमोर ठेवलं. "मासिकाचा माणूस येईल आता. पुसून घे," त्या म्हणाल्या, आणि उगाचच चहाचं पाणी ठेवायला गेल्या.

किनुयोने आधी उंच बाई पुसली, मग खुर्चीतली. मग डाव्या हाताने कागद घट्ट दाबून धरला, चुरगळू नये म्हणून, आणि आरशासमोरची पुसायला घेतली. हलक्या हाताने, शाईच्या एकाही रेषेला धक्का न लावता, पायांपासून वर. पुसून झाल्यावर तिने पिसांच्या कुंच्याने रबराचा चुरा कडेला आणला, तळहातावर गोळा केला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकायला उठली.