शनिवारी डोंगरात, सोमवारी भंगारात?

मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणा, खुशाल म्हणा. सोळा वर्षं कोलकात्याचे खड्डे, पावसाळ्यातलं गुडघाभर पाणी आणि बसवाल्यांचे धक्के खाल्ले आहेत, मग मी जुनी नाही तर काय नवीकोरी असणार? पण मित्रांनो, मला कुणी भंगार म्हटलं की माझ्या बॉनेटखाली आग पेटते. गेल्या श्रावणात मला तसं म्हटलं गेलं, आणि तेही घरच्याच माणसाने. म्हणून आज मी बोलणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे जन्माचं काही कौतुक नसतं. पुढची गाडी सरकली की मागची तयार. एका लांबलचक ट्रकवर बहिणींबरोबर बांधून मला इथे आणलं आणि काचेच्या दुकानात उभं केलं. माझा रंग तेव्हा डाळिंबी होता. येणारे-जाणारे हात फिरवत, दार उघडून बसत आणि निघून जात. एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी हात फिरवला नाही की आरशात डोकावून पाहिलं नाही. सरळ विचारलं, "ही चढावर दमते का हो?" त्याच क्षणी मला त्या आवडल्या.

त्या म्हणजे देवयानीताई. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. बदली होऊन पुण्याहून सहकुटुंब कोलकात्याला आल्या आणि बालीगंजला राहू लागल्या. त्यांचे यजमान श्यामराव इथेच वारले. नातेवाइकांचे फोनवर फोन आले: एकटी बाई परक्या मुलखात काय करणार, बदली मागून परत ये. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पुढच्याच महिन्यात मला विकत घेतलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका फुचकावाल्याच्या, म्हणजे इथल्या पाणीपुरीवाल्याच्या, टोपलीत घालायचंच बाकी ठेवलं होतं. पण शिकल्या. भीतीला भीक घालायची नाही, हा बाईंचा बाणाच आहे.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. मी ताईंना कचेरीत नेलं, त्यांच्या मुलाला, अजेयला, शाळेत आणि शिकवणीला नेलं. मराठी मंडळाचा गणपती माझ्या मागच्या सीटवर बसून घाटावर गेला आहे. दुर्गापूजेच्या गर्दीत मी कासवाच्या चालीने तासन् तास चालले आणि एकदाही तापले नाही. "गुणाची आहे हो," असं ताई आल्यागेल्याला सांगत.

दिवस पालटले. अजेय नोकरीसाठी बंगळूरला गेला. ताई निवृत्त झाल्या. मला पंधरा वर्षं झाली तेव्हा सरकारी तपासणी झाली. तिच्यात मी पास झाले, तरी माझ्यावर खाकी कापड चढलं ते चढलंच. कापडाखाली मांजरीने पिल्लं घातली. गेल्या वर्षी ताईंच्या हातून मी फाटकाच्या खांबाला जराशी घासले. खरचटलं मला, पण त्याचा बोभाटा पार बंगळूरपर्यंत पोचला.

अजेय वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगते. आईच्या काळजीपोटीच तो म्हणाला, "आई, आता गाडी चालवणं बंद कर. विकून टाकू या का?" ताई म्हणाल्या, "बघू."

मित्रांनो, तुम्ही मराठी घरात वाढला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे की आईचं 'बघू' म्हणजे 'नाही'. पण अजेय वाढला बंगाली शाळासोबत्यांत. त्याचं मराठी पोळीभाजीपुरतं. त्याला 'बघू' म्हणजे होकार वाटला. त्याने परस्पर एक भंगारवाला ठरवला आणि फोनवर सांगून टाकलं, "सोमवारी सकाळी माणूस येईल. त्या भंगाराची किल्ली देऊन टाक." ताई फोन हातात धरून माझ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी माझ्यावरचं खाकी कापड ओढून काढलं.

शनिवारी सकाळी त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या. एक शकुनताई. त्या मूळच्या नागपूरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि आवाज असा की गाडीला हॉर्न नसला तरी चालेल. दुसरी मुग्धा, ताईंच्या वरच्या खोलीत राहणारी नाशिकची मुलगी. आयटी कंपनीत नोकरी, आणि कोलकात्यात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. बराकपूरपर्यंत नदीकाठाने शेवटची चक्कर मारायची आणि जेवायला परत यायचं, असं ठरलं होतं. शकुनताईंनी माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, आरशाला गजरा अडकवला. तिघींचे चेहरे तेराव्याला आल्यासारखे. माझा असा संताप झाला, की सेल्फ मारताच मी पहिल्या झटक्यात चालू झाले. एरवी मी तीनदा खाकरते.

एका चौकात बराकपूरचा रस्ता सरळ जातो आणि महामार्गाचा डावीकडे. ताईंनी डावा दिवा लावला.

"अगं, बराकपूर सरळ आहे!" शकुनताई ओरडल्या.

"बराकपूर नाही," ताई म्हणाल्या. "शेवटची म्हणून नदीवर फिरवून आणायला ही काय म्हातारी म्हैस आहे? डोंगरात जाऊ. पुरुलियाला."

"कपडे?"

"अंगावर आहेत ना?"

शकुनताईंनी पायातल्या चपला काढल्या. मांडी घातली आणि त्या म्हणाल्या, "चल बाई. माझ्या घरी कळवते की मी सत्संगाला गेले."

महामार्गावर मी सुटले. किती वर्षांनी माझ्या नाकात मोकळा वारा गेला! शक्तिगडला खायला थांबलो. मुग्धाने झालमुडी, म्हणजे इथली चुरमुऱ्यांची भेळ, मागितली. मुडी कालवता कालवता विक्रेत्याने विचारलं, "झाल?" हिला वाटलं, तो 'झालं का' असं विचारतोय. ही मान डोलावून म्हणाली, "झालं, झालं!" इथे झाल म्हणजे तिखट. त्याने आनंदाने हिरव्या मिरचीची दुसरी मूठ टाकली. पुढचा तासभर पोरीच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि शकुनताई हसून हसून माझी सीट बडवत होत्या. सगळ्यांनी हसून विसरून जावं अशीच ती गंमत होती. पण मुग्धा बंगाली मराठी कानांनीच ऐकते, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

दुपारी पुरुलियातल्या अयोध्या डोंगराचा घाट लागला आणि धुकं उतरलं. असं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. समोरचं झाड दिसेना, माझं स्वतःचं नाक दिसेना. दिवे लावले तर उजेड तिथल्या तिथे विरघळायचा. ताई पुढे वाकून, काचेला नाक लावून चालवत होत्या. एका ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटले. डाव्या बाजूने डोक्यावर पानांचा मोठा भारा घेतलेला एक माणूस येत होता. दोन्ही हातांनी भारा धरलेला, त्यामुळे बोट दाखवायची सोय नव्हती. मुग्धाने आपल्या बाजूची काच खाली करून मोडक्यातोडक्या हिंदीत रस्ता विचारला. तो म्हणाला, "डान दिके जान, डान दिके."

"काय म्हणाला गं?" ताईंनी विचारलं. वायपरच्या खरखराटात त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"डावीकडे म्हणतोय, काकू. दोनदा म्हणाला," मुग्धाने ठासून सांगितलं.

मित्रांनो, बंगालीत डान म्हणजे उजवा. ताईंनी स्वतः ऐकलं असतं तर त्या फसल्या नसत्या. आम्ही डावीकडे वळलो. उतार लागला, डांबर संपलं, लाल माती आणि सुटे दगड सुरू झाले, आणि ताईंनी करकचून ब्रेक दाबला. पावसाने पुढचा रस्ता वाहून नेला होता. माझ्या पुढच्या चाकांसमोर हातभर जमीन उरली होती. त्यापलीकडे खाली कुठेतरी पाणी वाजत होतं.

वळायला जागा नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला चर. एकच वाट उरली होती: आलो तसंच उलटं, मागच्या मागे चढ चढायचा. तोही धुक्यात, ओल्या दगडांवर, आणि सरळ फाटकातून आत येताना खांबाला घासलेल्या बाईंच्या हातून!

मुग्धा रडायलाच लागली. "काकू, माझं चुकलं. मला वाटलं..."

"रडायला नंतर पुष्कळ वेळ आहे," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, पण मागचा गिअर त्यांनी दोनदा चुकवला.

शकुनताईंचा आवाज प्रथमच खाली आला. "देवयानी, जोखीम नको घेऊ. गावातून ट्रॅक्टर बोलावू. दोर लावून ओढून नेतील वर."

"ओढून न्यायला सोमवारी येणारच आहेत," ताई म्हणाल्या. "आज मी नेते. उतरा दोघी."

दोघी उतरल्या. शकुनताई मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हाका देऊ लागल्या. मुग्धाने दोन दगड उचलले. मी वीतभर मागे सरकले, की ती माझ्या पुढच्या चाकांखाली दगड सरकवायची, म्हणजे मी पुन्हा घसरू नये. पहिल्यांदा मी बंद पडले. दुसऱ्यांदा चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला आणि क्लच जळल्याचा वास सुटला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. पण 'भंगार' हा शब्द आठवला आणि माझा पारा चढला. लोकहो, मागे चढताना माझं सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं, आणि ओढायचं काम करतात तीही माझी पुढचीच चाकं. हे माझं बळ ताईंना सोळा वर्षांच्या सहवासाने माहीत होतं. त्यांनी घाई केली नाही. क्लच अर्धा सोडून, माझ्या इंजिनाची घरघर कान देऊन ऐकत, त्या थांबल्या. मग हलकेच हँडब्रेक सोडला.

"ये! ये! थोडी माझ्याकडे! अगं माझ्याकडे म्हणजे उजवीकडे, तुझ्या उजवीकडे!" शकुनताईंचा आवाज त्या डोंगरात घुमत होता. मी वीत वीत चढत गेले. काही वेळाने माझ्या मागच्या चाकांना डांबर लागलं. ताईंनी इंजिन बंद केलं, डोकं स्टिअरिंगवर टेकवलं आणि त्या रडल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आता रड गं मुग्धा, तुझी पाळी." तिघी एकदम हसत सुटल्या.

डोंगर म्हणाल तर आम्हाला शेवटपर्यंत दिसलाच नाही. धुकं हटलं नाही. वर एका लहानशा लॉजमध्ये राहून, ढगात बसून चहा पिऊन, रविवारी आम्ही परत निघालो. खाली आल्यावर फोनला रेंज मिळाली आणि अजेयचे फोन धडाधड आले. "आई, कुठे आहेस तू?" ताई म्हणाल्या, "ढगात होते. आता उतरतेय." आणि फोन बंद केला, कारण गाडी चालवताना त्या बोलत नाहीत.

सोमवारी भंगारवाला आला. सोबत ओढून न्यायची गाडी आणि साखळी. माझ्या अंगावर पुरुलियाचा लाल चिखल वाळलेला होता. त्याने मला एकवार पाहून 'ही होय' अशा अर्थाने मान हलवली आणि साखळी लावायला वाकला. ताई पायऱ्या उतरून आल्या आणि त्याच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या.

"गाडी बिक्री होबे ना," त्या म्हणाल्या. विकायची नाही.

तो गोंधळला. "किंतु छेले तो बोलेछे..." मुलानेच तर सांगितलंय.

"छेलेर गाडी नोय. आमार गाडी." मुलाची नाही, माझी गाडी आहे.

त्याने अजेयला फोन लावला आणि फोन ताईंच्या हातात दिला. अजेय आधी रागावला. शनिवारची हकीकत ऐकल्यावर तर जास्तच भडकला. मग एकदम मऊ झाला. "आई, मला भीती वाटते गं. तुला काही झालं तर?"

"वाटू दे," ताई म्हणाल्या. "मलाही वाटली. हातपाय कापत होते माझे. तरी मी ती गाडी वर आणली. ज्या दिवशी आणता येणार नाही, त्या दिवशी किल्ली मी स्वतः खाली ठेवेन. तो दिवस तू ठरवायचा नाहीस."

शेवटी अजेयने विचारलं, "मग आता काय करायचं म्हणतेस?"

इतक्या महिन्यांत त्या घरात त्यांना विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. ताईंनी गॅरेजचं नाव सांगितलं. क्लच बदलायचा होता. साखळीवाला आपली साखळी गोळा करून निघून गेला.

मित्रांनो, मीही एक दिवस थांबणार आहे. लोखंड आहे, गंजणारच. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना तेलपाणी करा, हे सगळे सांगतात. मीही सांगते. पण घरातल्या जुन्या माणसांची काळजी घ्यायची असेल, तर आधी त्यांना विचारा. काय हवं, काय नको, ते त्यांना सांगता येतं. आणि न विचारता साखळी लावायला याल, तर आम्ही जागचे हलणार नाही.