सात दिवसांवरचं सोनं

मित्रांनो, मला पाहून तुम्हांला एखाद्या पाट्याचा तुटका तुकडा वाटेल. तसं समजू नका. म्हातारा झालो असलो, तरी मी कसोटीचा दगड आहे. माझ्या अंगावर दागिना घासून रेघ ओढायची आणि वर तेजाबाचा थेंब टाकायचा. सोनं टिकतं, तांबं विरून जातं. खोटं बोलणं मला जमतच नाही.

स्पेनमधल्या साफ्रा गावी खिनेस सोनाराच्या दुकानात मी वीस वर्षं काढली. रोज काम संपलं की तो मला ऑलिव्हच्या तेलानं हलक्या हातानं पुसायचा. त्याची बायको मेन्सिया म्हणायची, "दगडाचे किती लाड! माझ्या वाट्याला कधी आले नाहीत ते." तो हात मला अजून आठवतो.

मग समुद्रापलीकडे सोन्याचं शहर असल्याची आवई उठली. कप्तान ऑर्तुन्योला पारखी हवा होता. पण लग्न झालेल्याला बायकोच्या संमतीशिवाय जहाजावर घेत नसत. मेन्सियानं तीन वर्षांची संमती दिली आणि बजावलं, "एक दिवस जरी वर झाला, तरी दार उघडणार नाही हो!" बोलताना तिचे डोळे भरले होते.

पलीकडे नदीच नदी होती; होड्यांतून आम्ही गावामागून गाव पालथं घातलं. प्रत्येक गावात कप्तान बोटातली अंगठी दाखवून विचारायचा, "हे कुठं मिळतं?" गावकरी म्हणायचे, "पुढं, सात दिवसांवर. खूप आहे." आमची माणसं त्यांचा मका फस्त करत होती. असले पाहुणे टळावेत म्हणून दुसरं काय सांगणार ते? दोन वर्षं अशीच गेली. दोनशेंची एकसष्ट माणसं उरली. खिनेस काठीवर खाचा पाडून दिवस मोजायचा. आता परत फिरलं, तरच तो वेळेत घरी पोचणार होता.

एका गावात पिवळीधमक तबकडी मिळाली. सगळे भोवती जमले. खिनेसनं ती माझ्यावर घासली, तेजाब टाकलं. रेघ हिरवट होऊन विरली.

"तांबं आहे, कप्तान. वरवर सोनं, आत सगळं तांबं. आता घरी चला."

"तुझा दगडच खोटा!" कप्तान ओरडला आणि त्यानं स्वतःची अंगठी माझ्यावर घासली. ती रेघ जशीच्या तशी राहिली. सगळ्यांनी पाहिली. आता सुटलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात एक शिपाई आनंदानं म्हणाला, "दगड खरा आहे! म्हणजे हे गरिबांचं गाव. खरं सोनं पुढंच असणार!"

सगळे नाचायला लागले. खिनेस मात्र काठीवरच्या खाचा पुन्हा मोजू लागला.

तीन आजाऱ्यांना घेऊन तो परत निघाला. जाताना म्हणाला, "माझा दगड तेवढा द्या."

"तू जा. दगड राहील," कप्तान म्हणाला. "सोनं सापडल्यावर ते काय तुझ्या कपाळावर घासू?"

खिनेसनं माझ्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग त्याची होडी वळणाआड गेली.

आम्ही पुढं गेलो. आणखी सात दिवस, परत सात दिवस. शेवटी कप्तान तापानं गेला, माणसं पांगली आणि मी काठावर पडलो. इथल्या एका म्हातारीनं मला उचललं. ती माझ्यानं ओली मडकी घासून गुळगुळीत करते. बरी आहे बिचारी. पण तो अंगठा तिचा नाही. खिनेस वेळेत पोचला का, मेन्सियानं दार उघडलं का, हे मला कोणीच सांगत नाही. वळणाआडून होडी आली की मी अजून आशेनं पाहतो.

मित्रांनो, दगडाला जपा, तेल लावा, सगळं करा. पण त्याला काही विचारण्याआधी मनाशी एक ठरवा: तांबं निघालं, तर घरी जायचं.