लाल स्वेटर

पिकअपवाल्याने ट्रॉली जोडलेल्या हुकाची पिन तिसऱ्यांदा हलवून पाहिली. दोन्ही साखळ्या लावलेल्या, ट्रॉलीचे दिवे लागलेले, खोदाईच्या मशीनचं वजन पुढच्या बाजूला. पाच महिन्यांपूर्वी एवढं केलं असतं, तर बायको आज घरात असती.

तेव्हा साखळी लावायचा त्याने कंटाळा केला होता. "काही होत नाही गं!" उतारावर ट्रॉली सुटली, सिमेंट मिक्सरसकट त्या दोघांना ओव्हरटेक करून गेली आणि मेहुण्याच्या कुंपणाची भिंत फोडून अंगणात जाऊन बसली. हक्काची पाहुणीच जशी.

"साखळीला दोन मिनिटं लागतात," बायको म्हणाली. "माझ्या जिवासाठी तेवढीही नाहीत तुझ्याकडे." आणि ती भावाकडेच राहिली.

आज त्याच भिंतीचा नवा पाया खोदायला मेहुण्याने मशीन मागवलं होतं.

नाक्यावर इन्स्पेक्टरने कागद पाहिले, साखळ्या पाहिल्या आणि हिरमुसला. मग एकदम खुलला. "मशीनचं बकेट मागे बाहेर आलंय. लाल कापड कुठाय?"

गाडीत लाल वस्तू एकच होती. सीटमागे पिशवीत बांधलेला बायकोचा स्वेटर. रोज सकाळी तो पिशवीत नाक खुपसायचा आणि वास संपू नये म्हणून लगेच गाठ मारायचा.

"निळं नाही का चालणार, साहेब?"

"मागच्याला काय आभाळ दाखवायचंय? बांधा!"

बांधला. बाह्यांत वारं भरलं आणि स्वेटर मागच्या गाड्यांना टाटा करायला लागला. बसमधली अख्खी सहल त्याला उलट टाटा करत होती. आरशात पाहताना मात्र पिकअपवाल्याला वाटलं, तीच मागे बसून निरोप घेतेय. वास उडू नये म्हणून त्याने गाडी इतकी हळू केली, की एका सायकलवाल्याने विचारलं, "काका, धक्का देऊ?"

मेहुण्याच्या फाटकात बायको उभी होती. त्याच्याकडे न बघता ती वाकली, साखळ्या ओढून पाहिल्या, पिन पाहिली. मग मागे गेली.

"हा इथे कसा?"

"वास येतो म्हणून... म्हणजे यायचा."

तिने स्वेटर सोडून हुंगला. "डिझेलचा येतोय."

तो सीटमागची रिकामी पिशवी घेऊन आला.

"धुवायला लागेल," ती म्हणाली. "परवा गाडी रिकामी घेऊन ये."

"कशाला?"

"माझं सामान आहे. आणि दोर आण चांगला. 'काही होत नाही' म्हणालास, तर तिथल्या तिथे उतरेन."