आमच्या रपट्यापुढचं शून्य

मी एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. माझ्या अकराव्या पानावर एक शून्य लिहिलं गेलं, आणि त्या शून्यानं माझ्या बाईची चार दिवसांची झोप खाल्ली आहे. शून्याला भिणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मीही नव्हती पाहिली.

मालेगावच्या एका दुकानात दोरीनं बांधलेल्या गठ्ठ्यातून माझ्या बाईनं, वैजयंतीनं, मला काढलं, ते तिच्या मुलीसाठी. मुलगी मंजुषा, सात वर्षांची. तिनं पहिल्या तीन पानांवर बाराखडी गिरवली, मग कंटाळून एक म्हैस काढली. म्हशीला पाच पाय. पाचवा पाय नाही, शेपूट आहे, असं तिचं म्हणणं.

मग बाईला काम मिळालं. बाहेरून आलेली काही शिकलेली माणसं पुरात गेलेल्यांची माहिती गोळा करत होती. वीस वर्षांत कोण गेलं, कुठं, कसं. सगळ्या भागांची माहिती जमली की नकाशात रंग भरायचे. जिथं माणसं जास्त गेली तिथं लाल, जिथं कोणी नाही तिथं हिरवा. म्हणजे कोणत्या पाण्याला आधी भ्यायचं ते कळेल. बाई बी.ए. झालेली, तरी सासूला, गोजराबाईला, तिनं सात वेळा विचारलं, "मले जमन का वो, आई?"

"नाही जमलं तं तेच लिहून दे," गोजराबाई म्हणाली.

कोरी वही दुसरी आणवेना, म्हणून मीच कामाला लागले. म्हशीच्या पुढच्या पानापासून रकाने आखले गेले. बाईचं अक्षर सुरेख आहे, पण रेघ वाकडी जाते. एकेक नाव माझ्यावर उतरायला लागलं तसा माझाही जीव घाबरा व्हायचा. वय तीस. वय बावन्न. वय नऊ. नऊ लिहिलं त्या दिवशी बाई जेवली नाही.

सरकारी कागदांवरून गावोगावची यादी उतरवून झाली, तेव्हा आपल्या वस्तीपुढं तिला शून्य लिहावं लागलं. कागदोपत्री इथं कोणीच गेलं नव्हतं. ती हसली. मग यादी पुन्हा वरपासून मोजली. "माझंच चुकलं असन. माझं गणित पयलेपासून कच्चं."

गोजराबाई तूर निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली. "काहून वो? पंचफुला मंग कोन्या गावची होती?"

पंचफुला याच वस्तीची. वस्ती आणि शाळा यांच्यामध्ये नाला आहे आणि नाल्यावर रपटा, म्हणजे इतका बुटका पूल की पाणी आलं की वरूनच वाहतं. त्या रपट्यावरून ती वाहून गेली. दोन दिवसांनी सापडली ती खाली, दुसऱ्या गावच्या शिवारात, बाभळीला अडकलेली. पंचनामा तिथं झाला, म्हणून नोंदही तिथलीच. बाईनं माझी पानं भराभरा मागं उलटली. तिचं नाव सापडलं खरं, खालच्या गावापुढं. तिच्यासारखे आणखी दोघं निघाले. गेले तिघंही आमच्या रपट्यावरून, मोजले गेले परक्या शिवारात. आणि आमचा रपटा नकाशात हिरवागार होणार.

तिनं माझ्या समासात हातानंच एक नवा रकाना आखला, "कुठून गेले". माहिती गोळा करणाऱ्यांच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, हे आम्ही विचारायलाच हवं होतं. कसे गेले, तेही लिहा."

ते सांगायला शेजारचे पंजाबराव ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या चार म्हशी रोज सकाळी नाल्यापलीकडे चरायला जातात आणि शाळा सुटायच्या वेळी परततात.

"मामाजी, पानी होतं तरी उतरले कायले हे लोक?"

"म्हशी उतरल्या म्हनून. म्हैस गेली का मानूस जाते. बापजाद्यापासून असंच पाहून राह्यलो आमी."

"तिघंबी?"

"तिघंबी माह्याच म्हशीमांगं." म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "पन म्हशी चारीच्या चारी निंगाल्या वो पोरी. मले वाटलं, मानसायचंच काही चुकलं."

म्हैस पोहते, हे इथं कोणाला ठाऊक नाही? सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिचे पाय तळाला लागले की नाही, हे काठावरून कुणाला दिसतं?

बाईनं लिहिलं, "म्हशींच्या मागे." पेन तिथंच थांबलं. शाळा सुरू झाली त्या दिवशी ती मंजूला काय म्हणाली होती ते मी ऐकलं होतं. तेव्हा मी मंजूच्याच दप्तरात होते. "पानी असलं तं थांबजो. पंजाबबाबाच्या म्हशी उतरल्या, मंगच उतरजो." आणि आपण किती सावध आई आहोत म्हणून तिला त्या दिवशी बरंही वाटलं होतं.

सोमवारी मंजूचा ओला झगा ओसरीवर माझ्या वरच्याच दोरीवर वाळत घातला होता, त्याचं पाणी माझ्यावर गळत राहिलं. बाई तिला रागावली, पावसात खेळली म्हणून. माझा पुठ्ठा अजून फुगलेला आहे. त्या पाण्यात बारीक गाळ होता. पावसाच्या पाण्यात गाळ नसतो. पण मला तोंड नाही.

आता माझ्या पानावरचं शून्य खोडून तीन झालं आहे. तिनाखाली एक ओळ कोरी आहे. मोजणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे. माणूस कुठं सापडला ते विचारा, पण कुठून गेला ते आधी विचारा. आणि ही ओळ कोरी राहू द्या. वहीनं असं मागू नये, पण मागते.

आज बाईनं मंजूला समोर बसवलं. मला मांडीवर उघडं ठेवलं, जणू मी साक्षीला. "पाह्य मंजू, मांगं मी चुकीचं सांगतलं तुले. आता म्हशी उतरल्या तरी उतरजो नको. म्हशी पवतात. त्यायचे पाय खाली लागतच नाही. समजलं?"

मंजूनं माझी पानं मागं उलटली, आपली म्हैस शोधून काढली आणि तिच्या पाचव्या पायावर बोट ठेवलं.

"मले मालूम हाये नं आई. सोमवारी माहे पायबी नाही लागले. म्हनून तं मी इथं धरलं होतं."