अकरावी खुंटी

पहिला घाव पडला आणि मी हातातली वाटी तशीच टाकून बाहेरच्या खोलीत धावले.

"कोण आहे गं ते? हातोडी खाली ठेव आधी!"

सूनबाई स्टुलावर उभी. दातांत एक खिळा, दुसरा भिंतीत अर्धा घुसलेला. दातातला खिळा काढून म्हणाली, "आई, कॅलेंडर लावतेय. तोफ बसवत नाहीये."

"कॅलेंडर टेबलावर ठेव. या घरात भिंतीला खिळा मारायचा नाही, हे तुला आल्या दिवशी सांगितलंय."

"सांगितलंत. पण का ते सात वर्षांत सांगितलं नाहीत."

"का ते विचारायला तू काय साहेब लागून गेलीस? उतर."

उतरली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. सुनेचं सगळंच ऐकलं तर सासूला दुसरं काम उरत नाही. खिळा उपटून मी भोकावर बोट ठेवलं. एवढंसं भोक, पण सबंध भिंत त्याच्याकडे बघतेय असं वाटत होतं.

आमच्या घरात खिळा नाही, हूक नाही, दारामागे खुंटी नाही. पाहुण्याचा कोटसुद्धा खुर्चीच्या पाठीवर जातो. लोक म्हणतात, म्हातारी तऱ्हेवाईक आहे. म्हणोत. नऊ वर्षांपूर्वी एका आठवड्यात मीच पक्कड घेऊन सगळे खिळे काढले. भिंतीवर लटकलेला नुसता सदरा दिसला तरी मला वाटायचं, याचा माणूस अजून आत आहे.

आत म्हणजे पाण्यात.

आमच्या गावाला लागून सरकारी उद्यान आहे. झाडं, पायवाटा आणि मधोमध मोठं तळं. आमचे हे तिथे रखवालदार होते, आणि काठावरची कपड्यांची खोली माझ्याकडे होती. पोहायला येणारा माणूस माझ्याकडे कपडे द्यायचा, मी ते खुंटीवर टांगायची आणि खुंटीच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला त्याच्या मनगटाला बांधायची. चोवीस खुंट्या. ही पद्धत कुठल्या साहेबानं घातलेली नाही, मी घातली. माझं शिक्षण तिसरी, पण एवढं मला कळत होतं की पाण्याकडे बघून माणसं मोजायची नसतात. पाणी फसवतं. डोकं दिसलं म्हणता म्हणता बदक निघतं. खुंटीवर कपडे आहेत, तर माणूस आत आहे. खुंट्या रिकाम्या, तळं रिकामं. हे रोज संध्याकाळी तीन शिट्ट्या मारायचे, सगळे बाहेर आले की खिडकीत येऊन विचारायचे, "खुंट्या?" मी बघून सांगायची, "रिकाम्या." मग ते फाटकाला कुलूप लावायचे. बावीस वर्षं हे असंच.

दर गुरुवारी एक नर्स यायची. ड्यूटी संपली की थेट तळ्यावर. पांढरा कडक युनिफॉर्म माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "मावशी, तुमच्या खुंटीचा गंज लागतो हो. मेट्रन मला फाडून खाते."

"मेट्रनला सांग, एवढं पांढरं घालून माणसं बरी होत नाहीत, घाबरतात."

हसायची. हसताना मान मागे टाकायची. पोहायची मात्र अशी, की बघत राहावं. सरळ पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत जायची.

त्या गुरुवारी सुट्टी होती, गर्दी होती. तिला अकरावी खुंटी मिळाली, नेमकी सगळ्यात गंजलेली. दुपारी चारच्या सुमाराला माझं तिकडे लक्ष गेलं. म्हटलं, पोरीला उगाच बोलणी बसतील. कपडे काढले, बाह्या आत घेऊन, कॉलर वर ठेवून नीट घडी घातली आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले. तेवढ्यात एक बाई टॉवेल बदलला म्हणून भांडायला आली. भांडणात मला कधी कुणी हरवलेलं नाही. तेव्हाही हरवलं नाही.

संध्याकाळी खिडकीतून आवाज आला, "खुंट्या?"

मी वर बघितलं. "रिकाम्या."

जेवताना मध्येच वाटलं, काहीतरी राहिलंय. म्हटलं, दूध झाकायचं राहिलं असेल. उठले, दूध झाकलं.

सकाळी पेटी उघडली तर आत पांढरं.

पुढचं मी विचार करून केलं नाही, माझ्या हातांनी केलं. घडी उलगडून कपडे अकराव्या खुंटीला अडकवले. मग ओरडत यांना बोलवायला गेले. पलीकडच्या काठावरची माणसं नंतर म्हणाली, काळोख पडल्यावर बराच वेळ बाईची हाक ऐकू येत होती, आम्हाला वाटलं कुणी थट्टा करतंय. ती दुसऱ्या दिवशी लव्हाळ्यात अडकलेली सापडली. बिल्ला मनगटाला होता.

चौकशीला आलेल्या माणसानं मला विचारलं, "कपडे कुठे होते?"

"खुंटीवर."

मग यांना विचारलं, "तुम्ही खुंट्या बघितल्या नाहीत?"

हे माझ्याकडे बघत होते. फार वेळ नाही, चहाचा घोट गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणाले, "नाही बघितल्या. चुकलं."

शिट्टी काढून घेतली. मागच्या फाटकावर टाकलं, जिथे दिवसाला दोन माणसं येतात. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दुकानात गेले की बोलणं थांबायचं. आमचा मुलगा उद्यानाच्या तिकीटखिडकीवर बसतो. एकदा कुणी त्याला विचारलं, तो रखवालदार तुमचा कोण? हा म्हणाला, "लांबचे." ते मी ऐकलं आणि यांनीही ऐकलं. चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले. शेवटच्या आठवड्यात संध्याकाळ झाली की डोळे उघडून विचारायचे, "खुंट्या?" मी म्हणायची, "रिकाम्या." मग ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्या एका शब्दापलीकडे या विषयावर माझ्याशी कधी काही बोलले नाहीत. शिवी दिली असती तर मी फेडली असती. गप्प माणसाचं काय फेडायचं?

तर सूनबाईच्या खिळ्याच्या दिवशीच मुलगा घरी कागद घेऊन आला. तळ्यात पोहायला, होडी घालायला, पाय सोडून बसायलासुद्धा कायमची बंदी घालायची असं खात्यानं ठरवलं होतं. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकणार होते. रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये.

मी अक्षर अक्षर जुळवत पहिली ओळ वाचली. रखवालदाराच्या हलगर्जीपणामुळे, अशी सुरुवात होती.

"तू यायची गरज नाही," मुलगा म्हणाला. "पोहणारे तुला बोलायला लावतील. उगाच बाबांचं पुन्हा निघेल."

"निघालंच आहे की. पहिल्याच ओळीत."

रविवारी हॉलच्या दारात एका बाईनं मला थांबवलं. चष्मा, केस पांढरे व्हायला लागलेले. "मावशी, तुम्ही मला ओळखणार नाही. मी तिची मोठी बहीण. नर्सची."

मी पदर सारखा केला.

"तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं होतं," ती म्हणाली. "तिचे कपडे आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्यावर घडीच्या रेघा होत्या. बाह्या आत, कॉलर वर. आईनं त्याच रेघांवर परत घडी घातली, ती अजून मोडलेली नाही. ती घरी तुमच्या गंजाचं सांगायची ना, म्हणून वाटलं, तुम्हीच जपून ठेवले असणार. तिचं शेवटचं काहीतरी कुणीतरी नीट ठेवलं. बरं वाटतं हो."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. तिला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

आत गेले तर हॉलचे दोन तुकडे झालेले. खिडकीकडे पोहणारे, दाराकडे बंदीवाले. पोहणाऱ्यांचे पुढारी म्हणजे शाळेतले जुने कवायतीचे मास्तर, चालतात असे की अख्खं गाव त्यांना बदक मास्तर म्हणतं.

"पंचेचाळीस वर्षं त्या पाण्यात पोहतोय मी," मास्तर माइक न घेताच गरजले. "माझे दात गेले, गुडघे गेले, पाणी आहे तिथेच आहे. पायसुद्धा बुडवायचा नसेल तर तळं ठेवता कशाला? चित्र काढून लावा!"

खिडकीकडून हशा. दाराकडून एक आजीबाई उठल्या. "मागच्या उन्हाळ्यात माझी नात जाता जाता राहिली, तेव्हा तुमचं पोहणाऱ्यांचं मंडळ कुठे होतं हो? काठावर चहा पीत!"

"रस्त्यावर माणसं मरतात, रस्ते बंद करता का?"

"रस्त्यावर पोटासाठी जातात. पाण्यात मस्तीसाठी!"

"मग मस्ती करायलाही अर्ज करायचा का आता?"

खात्याच्या साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. चांगला तरुण माणूस होता, घामेजलेला. म्हणाला, "शांत व्हा. आमचं म्हणणं एवढंच की पाण्यावर माणसाचं लक्ष पुरत नाही. नऊ वर्षांपूर्वी आमच्याच रखवालदारानं खुंट्या न बघता फाटक लावलं. कपडे समोर टांगलेले होते. उद्या पुन्हा कुणी असं करणार नाही, याची हमी कोण देणार?"

"एक माणूस बेफिकीर निघाला म्हणून सगळ्यांना शिक्षा?" मास्तर ओरडले. "पद्धत पक्की होती साहेब! पद्धत घालणारी बाई इथे बसली आहे. मावशी, सांगा यांना. खुंट्या बघितल्या असत्या तर ती पोर वाचली असती की नाही?"

दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे वळली. तेव्हा मला दिसलं. भांडण त्यांचं, पण उभे दोघेही एकाच माणसाच्या छातीवर.

माइक मुलाच्याच हातात होता. माझ्यापाशी वाकून म्हणाला, "आई, दोन वाक्यं बोल आणि बस."

मी उभी राहिले. हॉलच्या मागच्या भिंतीला मुलांच्या पिशव्या अडकवायच्या खुंट्यांची रांग होती. रविवार असल्यामुळे सगळ्या मोकळ्या. मी त्यांच्याकडे बघत बोलले, माणसांकडे बघून बोलता आलं नसतं.

"रखवालदारानं खुंट्या विचारल्या होत्या," मी म्हटलं. "रोज विचारायचे, त्या दिवशीही विचारल्या. मी सांगितलं, रिकाम्या. खुंटी रिकामीच होती. गंज लागू नये म्हणून कपडे मी पेटीत ठेवले होते आणि विसरले. सकाळी परत टांगले. चौकशीत खोटं मी बोलले. ते बोलले ते माझ्यासाठी बोलले."

मास्तर हळूच खाली बसले.

साहेब म्हणाला, "आजी, हे... आजचा विषय पोहण्यावरच्या बंदीचा आहे. जुन्या चौकशीशी आजच्या नोंदीचा संबंध नाही."

"संबंध नाही कसा? तुमच्या कागदाची पहिली ओळ माझ्या नवऱ्याची आहे. तळं उघडं ठेवा नाहीतर बुजवून टाका, तुमचं तुम्ही बघा. ती ओळ खोडा. तिथे माझं लिहायचं तर लिहा."

त्यानं पेन हातात धरलं, इकडे तिकडे बघितलं आणि ओळीवर रेघ ओढली. रेघेचा आवाज माइकमध्ये आला.

मागून खुर्ची सरकली. ती बहीण उठली होती. माझ्याजवळून जाताना थांबली. तिनं रागावं म्हणून मी मान वर धरून उभी राहिले. आयुष्यभर दुसरं काही आलंच नाही मला.

"किती वाजता काढलेत?" तिनं विचारलं.

"चारला."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "आज घरी गेले की ती घडी मोडणार मी." आणि गेली.

घरी येताना मुलगा दोन पावलं पुढे चालत होता. फाटकापाशी आल्यावर वळून म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"उत्तर मीच दिलं होतं ना त्यांना."

"आणि मी त्यांना..." एवढ्या मोठ्या मुलाचे डोळे पुसायला हात वर करावा लागतो, आणि माझा वर गेला नाही.

तीन आठवड्यांनी बंदी आली. काठाला तार, दोन पाट्या. मास्तर चार दिवस पाटीखाली निषेध म्हणून टॉवेल गुंडाळून बसले, मग पडसं झालं म्हणून घरी गेले. रस्त्यात भेटले तर माझ्याशी बोलत नाहीत. बंदीवाल्या आजीबाईही बोलत नाहीत. कपड्यांच्या खोलीला कुलूप आहे. मुलानं छापील कागद आणून माझ्यापुढे ठेवला. मी बोट ठेवून पहिली ओळ वाचली. रखवालदार कुठे नव्हता. माझंही काही लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सूनबाईला म्हटलं, "तुझा तो खिळा कुठे आहे?"

तिनं डब्यातून काढून दिला. टोमणा मारायला एवढी जागा असून मारला नाही, म्हणजे पोरगी शहाणी आहे. मुलानं हातोडी घेतली आणि त्याच जुन्या भोकात खिळा ठोकला. चार घाव. प्रत्येक घावाला मी डोळे उघडे ठेवले.

मग कपाटातून यांचा खाकी सदरा काढला. चार वर्षं घडीत होता, घडीवर कापड पिवळं पडलं होतं. झटकला आणि खिळ्याला अडकवला. बाह्या खाली सुटल्या.

आता संध्याकाळी मी दिवा लावायच्या आधी त्याच्यासमोर उभी राहते. खिडकीतून कुणी विचारत नाही, तरी मी सांगते.

"एक आहे."