फोनच्या पाठीमागचा डबा

ओट्यावरून बोलतोय मी, गॅसच्या डावीकडून. पोह्यांचा डबा. स्टीलचा, उभट, पोटाला एक पोचा, आणि झाकण इतकं घट्ट की उलथन्याचे टोले दिल्याशिवाय उघडत नाही. स्वभावानं मी काळजीखोर. पोहे संपत आले की मला धडधडतं, आणि भरले की वाटतं, आता किडे होणार. पण हल्ली मला जो घोर लागलाय ना, तो पोह्यांचा नाही.

शकुनं मला लालबागला घेतलं. तिचं लग्न नवं होतं आणि भाऊराव गिरणीत होते. दुकानातल्या माणसानं टर्रर्र करत माझ्या पोटावर नाव घातलं, 'सौ. शकु भाऊराव परब'. काय मुंग्या आल्या होत्या अंगाला! पुढे गिरणी बंद पडली, खोली विकली, आणि आम्ही सगळे मुलुंडला आलो. भाऊराव गेले. मुलगा सुबोध कमवायला लागला, घाटकोपरची गंधाली सून म्हणून आली. नावातलं एक अक्षर घासून घासून पुसट झालंय, पण ओट्यावर मालकी अजून शकुचीच.

गंधाली पोर झकास. बोलायला फटकळ, कामाला चटपटीत. तिचं ऑफिस बंद पडलं तेव्हा मात्र हिरमुसली. मग एके दिवशी म्हणाली, "आई, मी स्वयंपाकाच्या रील्स करणार." फोन टेकवायला स्टँड नव्हता. तिनं ओट्यावर नजर फिरवली आणि झाली ना माझी निवड! फोन बरोब्बर शकुच्या नावावर टेकला. तेव्हापासून मला फोनची पाठ दिसते आणि त्याच्यावरून गंधालीचं तोंड.

सुरुवातीला कुत्रं विचारत नव्हतं. ती हसून हसून बोलायची, आणि फोन बंद झाला की चेहरा पडायचा. दर मिनिटाला बघायची, वाढलं का कोणी? मला तर तिचीच दया यायची.

एकदा ती बांगड्याचं तिखलं करत होती, सोलं म्हणजे आमसुलं घालून करतात ते झणझणीत कालवण. चुकून टोमॅटो चिरायला घेतला, आणि दारातून शकुचा आवाज आला, "बांगड्याक टोमॅटो कोण घालता गो? सोलां काय शोभेक ठेवलंत?" गंधाली दचकली. तो आवाज कापायचा राहिला आणि रील गेली तशीच. दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन ओट्याभोवती नाचत होती. लोक खो खो हसले होते. शकु कुठे दिसली नव्हती, नुसता आवाज. त्या आवाजासाठी माणसं जमायला लागली.

इथून माझी झोप उडाली. कारण गंधाली आता मुद्दाम चुका करायला लागली. येत होतं तिला सगळं, हो! फोन नसताना तिनं केलेली कालवणं काय दरवळायची! पण फोन टेकला की ती तिखल्यात साखर टाकायची, भाकरीच्या पिठात तेल ओतायची, आणि टाकण्याआधी फोनकडे बघून हळूच डोळा मारायची. मग दारातून भडिमार. "गो बाय, साखर? पाहुण्यांक शिरो देतंस काय?" फॉलोअर भराभर वाढत होते, आणि शकुला फोनमधलं काही कळत नव्हतं. तिला वाटायचं, पोर नुसते फोटो काढते.

आणि शकुचं काय चाललं होतं? दुपारी बहिणीला फोन लावायची आणि रडवेली व्हायची. "कितीव सांगलंय तरी हाताक चव नाय गो. माझ्या मागसून हेंचा कसा व्हतला?" सकाळी ओट्याजवळच्या देव्हाऱ्यापुढे उभी राहून गाऱ्हाणं घालायची. कोकणातली रीतच ती, देवाला नवस नाही, सरळ तक्रार सांगायची. "बा देवा म्हाराजा, माझ्या सुनेच्या हाताक चव दी रे म्हाराजा." मी ऐकायचो आणि आतल्या आत तडफडायचो. अहो, चव आहे हो तिच्या हाताला! पण डब्याचं कोण ऐकतं?

मग एके सकाळी समोरच्या नलिनीबाई वाटीभर साखर न्यायला आल्या. गंधाली बाजारात गेलेली. नलिनीबाई हसतच आत शिरल्या. "शकुवहिनी, फेमस झालात की! माझी भाची दुबईत बसून तुमचा आवाज ऐकते." आणि त्यांनी आपला फोन काढून एकामागून एक लावलं. टोमॅटो, साखर, तेल. शकु आधी हसली. मग गंधालीनं डोळा मारला ते आलं. शकु म्हणाली, "ह्या परत लाव." नलिनीबाईंनी परत लावलं. शकुनं ते पाहिलं, वाटीत साखर भरून दिली आणि गप्प झाली.

अशी गप्प की मला ओट्यावर धाप लागली. गंधालीनं तिखल्यात साखर टाकली, आवाज नाही. मुठीनं मीठ टाकलं, आवाज नाही. "आई, चव बघा ना." "बरा आसा." जे पुढे येईल ते बरा आसा. करपलेला भातसुद्धा बरा आसा! शिव्या चालतात हो, पण हे 'बरा आसा' ऐकून माझं स्टील गार पडायचं.

तिकडे फोनमध्ये लोक विचारायला लागले, आजी कुठे? आजी आजारी आहेत का? आणि मग कुणा शहाण्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्या खाली दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. गंधाली मोठ्यानं वाचत होती. शकु तिथेच बसून कोथिंबीर निवडत होती, जिवंत, धडधाकट!

"आई, एकदा ओरडा ना. एकदाच. लोकांना वाटतंय तुम्ही गेलात."

शकुनं हात पुसले, केस सारखे केले, आणि पहिल्यांदाच फोनसमोर येऊन उभी राहिली. "काय बोलू? सांग."

"तेच ते... टोमॅटोचं."

"बांगड्याक टोमॅटो कोण घालता गो," शकु म्हणाली. शाळेत धडा वाचून दाखवतात ना, तसं. "झाला? जाऊ मी?" गंधालीनं फोन बंद केला. ती रील कुठेच गेली नाही.

पण पोरीचा जीव फोनात अडकलेला. दुसऱ्या सकाळी तिनं फोन चालू करून मला टेकवला आणि बाहेर गेली. मी हादरलोच. गाऱ्हाणं! आता शकुचा आवाज फक्त देवापुढे उरला होता, आणि ही तोही घेणार होती. ओरडावंसं वाटलं मला, शकु, बोलू नको! पण ती आली, दिवा लावला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या आवाजाक लोक हसले, हसू देत. पण माझ्या सुनेक कोण हसता नये रे म्हाराजा. तिका येता सगळा, माका आता कळला. तिच्या मनासारख्या होऊ दे रे म्हाराजा."

शकु न्हाणीत गेल्यावर गंधाली आली. तिनं ते ओट्याशी उभ्या उभ्याच ऐकलं, आणि खाली फतकल मारून बसली. रडली. डोळे पुसून उठली तेव्हा तिचा अंगठा फोनवर खालीवर होत होता. सांगतो तुम्हाला, तेवढ्या वेळात माझ्यातल्या पोह्यांचा भुगा झाला असेल. ते गाऱ्हाणं एकदा सोडलं असतं तर साऱ्या जगानं शकुला डोक्यावर घेतलं असतं. आणि शकु देवापुढेही गप्प झाली असती.

शकु केस पुसत आली. गंधाली म्हणाली, "आई, तुमचं गाऱ्हाणं मी चोरून घेतलं होतं. हे बघा, पुसलं. तुमच्यासमोर पुसतेय. मी फार वाईट वागले."

शकु तशीच केस पुसत राहिली. मला वाटलं, आता संपलं सगळं.

गंधालीनं मग बांगडे काढले. सोलं भिजवली, तिरफळं ठेचली, टोमॅटोला हात लावला नाही. असं तिखलं की शेजारपाजारचे नाक वर करून वास घेतील. वाटीत घेऊन तिनं शकुपुढे धरलं. शकुनं बोट बुडवलं, चाखलं. काहीतरी ओठांवर आलं, आणि तिनं ते गिळलं. मान वळवून ती माझ्याकडे, माझ्या पोटाकडे बघायला लागली.

"फोन खंय आसा?"

अरे देवा! स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या नावाच्या डब्यासमोर या बाईला आधी हे विचारावं लागलं.

"नाही हो आई, ठेवून दिला." गंधालीनं माझ्याकडे बोट केलं. "आत."

शकुचा विश्वास बसेना. तिनं उलथनं घेतलं, माझ्या झाकणावर दोन सणसणीत टोले हाणले आणि उघडून आत पाहिलं. पोह्यांवर फोन उताणा पडला होता.

"गो माझे आवशी!" शकुचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला असेल. "पोह्यांत फोन कोण ठेवता गो? सगळ्याक हात लावतंस, मेलो खंय खंय टेकवतंस, आणि तोच पोह्यांत? आता हे चाळूक कोण बसतला? तुझो घोव?"

गंधाली हसत होती आणि रडत होती. "ओरडा आई, अजून ओरडा."

"ओरडतलंयच! आणि तिखल्यात मीठ कमी आसा!"

आता फोन धुतलेल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाक होईपर्यंत माझ्याच पोटात असतो. शकुनंच तशी सोय केली, पोहे दुसरीकडे काढले. पण तो आत सारखा थरथरतो हो. आजी कुठे, आजी कुठे. प्रत्येक थरथरीला गंधालीचा हात पोळपाटावर थांबतो आणि माझ्याकडे वळतो, मग परत लाटायला लागतो. उद्या तो झाकणापर्यंत आला तर? मी काय, झाकण घट्ट धरून बसलोय. एवढंच येतं मला. तुमच्याही ओट्यावर असा एखादा डबा असेल, तर घरात कुणी मनापासून ओरडत असताना त्याला फोन टेकवू नका.